सावली कुठं पडू द्यायची

पहिला फोटो पूर्ण काळा आला पाहिजे. चेहरा नाही, खुर्ची नाही, मागची भिंत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता काळोख. तसा आला, की पुढच्या कामाला लागायचं. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या आतल्या अंगाला, एका दुकानाच्या वर, तासाच्या भाड्यानं स्टुडिओ मिळतो. तिथल्या मुलानं हे सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर पटलं नव्हतं. खोलीत ट्यूबलाइट चालू होत्या. समोर स्टुलावर आत्या बसली होती आणि ती मला लख्ख दिसत होती. आयएसओ १००, शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ ८, फ्लॅश बंद. बटण दाबलं. आत्या नाहीशी.

“आता बरोबर,” तो मुलगा म्हणाला. “आता ट्यूबलाइटचा काही संबंध उरला नाही. जे काही दिसेल ते आपल्या लाइटमुळेच.”

आपले डोळे फार समजूतदार असतात. ट्यूबच्या उजेडातही ते भागवून घेतात आणि भर दुपारच्या उन्हातही. या दोन उजेडांत शेकडो पटींचा फरक असतो, हे ते आपल्याला कळूही देत नाहीत. कॅमेरा असली समजूत दाखवत नाही. फ्लॅशचा उजेड तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येऊन जातो. तो डोळ्यांना दिपवतो, पण त्यानं चेहऱ्यावर काय केलं ते डोळ्यांना कळत नाही. ते फोटोतच बघावं लागतं. इतका छोटा तो क्षण असल्यामुळे शटर किती वेळ उघडं ठेवलं यानं फ्लॅशच्या उजेडात काही फरक पडत नाही. शटरनं खोलीतला उजेड कमीजास्त होतो, फ्लॅशचा हिशेब अ‍ॅपर्चर आणि अंतराचा. शटर फार चपळ केलं तर काय होतं तेही त्या मुलानं करून दाखवलं: फोटोच्या खालच्या बाजूला काळी आडवी पट्टी. फ्लॅश चमकेपर्यंत शटरचा मागून येणारा पडदा खालची बाजू झाकायला लागला होता.

इतकी वर्षं मी फोटो काढत आले ते आयत्या उजेडात. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी पोरं, १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली आणि आता गावोगाव गेलेली पाडव्याची शोभायात्रा, ठाण्याला तलावपाळीवर संध्याकाळी बसलेली माणसं. आणि लोकल. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हाची गोष्ट: १९१६ साली सुरू झालेला तो सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा, आत डब्यातल्या दिव्यांखाली सगळ्यांचे चेहरे सारखेच पिवळट, मिटलेले, आणि बोगदा संपता संपता खिडकीच्या बाजूनं एकदम उजेड यायचा, की समोरच्या बाईचा गाल, नाकाचा कडा, कानातलं, सगळं एका क्षणात घडवल्यासारखं उभं राहायचं. दुसरी बाजू अंधारातच. मी रोज ते बघायचे. फोटो काढायची हिंमत क्वचितच झाली, कारण अनोळखी बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरणं बरं नव्हे. पण एका बाजूनं आलेला उजेड माणसाला वजन देतो, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं.

आयत्या उजेडाची एक सोय असते. फोटो चांगला आला तर आपली नजर चांगली, वाईट आला तर ढग आले होते. स्टुडिओत ढग नसतात. काळ्या फोटोपासून सुरुवात केल्यावर त्यात जे येतं ते आपण आणलेलं असतं. सावलीसुद्धा.

आत्या आली होती ती तिच्या कामासाठी. कल्याणच्या ज्या शाळेत तिनं भूगोल शिकवला, तिथली स्मरणिका निघायची होती आणि माजी शिक्षकांचे फोटो मागवले होते. “मोबाइलवर काढलेला नको म्हणालेत,” तिनं फोनवर सांगितलं होतं. मला शिकायला चेहरा हवा होता, तिला फोटो हवा होता. पारनाक्यावरून रिक्षानं स्टेशन, स्टेशनवरून लोकल, असं करत ती वेळेच्या आधी येऊन हजर होती. मऊ झालेली नारायणपेठी, कानात मोत्यांच्या कुड्या, चष्मा. पिशवीत कंगवा आणि पावडरचा डबा. “इथं मिळत नसेल म्हणून आणला.”

मी ठरवून आले होते, एकच दिवा लावायचा. अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, ज्याला हे लोक ऑक्टा म्हणतात, तो आत्याच्या उजव्या हाताला, डोक्यापेक्षा थोडा वर, चेहऱ्यापासून दोन फुटांवर. सॉफ्टबॉक्स जवळ आणला की उजेड मवाळ होतो, हे ऐकून माहीत होतं. मला उलटं वाटायचं, जवळ म्हणजे झणझणीत. पण चेहऱ्याच्या मानानं दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ, आणि जवळ आणलेला दिवा चेहऱ्याला मोठाच असतो. दुसरी गंमत अंतराची. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, पाचपट झालं की पंचविसावा भाग. दिव्यापासून आत्याचा गाल दोन फुटांवर आणि भिंत दहा फुटांवर, म्हणून तीच पांढरी भिंत फोटोत कोळशासारखी काळपट आली. रंगाचा डबा न उघडता. निदान तसं यायला हवं होतं. खोली लहान, छत बुटकं, बाकीच्या भिंतीही पांढऱ्या, त्यामुळे उजेड तिथून परतून न विचारता पुन्हा चेहऱ्यावर येत होता. त्या मुलानं एका स्टँडवर काळं कापड टाकलं आणि आत्याच्या डाव्या बाजूला उभं केलं. मग जमलं.

जमलं म्हणजे मला जमलंसं वाटलं. चेहऱ्याची उजवी बाजू उजळ, नाकाची सावली खाली उतरून गालाच्या सावलीला मिळालेली, आणि डाव्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण. सतराव्या शतकातल्या रेम्ब्राँच्या चित्रांवरून या उजेडाला त्याचं नाव पडलंय. डोळ्यांच्या बाहुल्यांत ऑक्टाचा आठकोनी ठिपका. मी कॅमेऱ्याचा पडदा आत्यासमोर धरला.

तिनं चष्मा वर करून बघितलं, मग खाली करून बघितलं. “अगं, मी आयुष्यभर चंद्राच्या कला शिकवल्या. माझी अष्टमी कशाला केलीस?”

मी समजावायला गेले. उजेडाचं वजन, सावलीमुळे येणारा गोलावा, वगैरे. तिनं ऐकून घेतलं, शिक्षिकेला ऐकून घ्यायची सवय असते. मग म्हणाली, “ते असेल. पण अर्धा चेहरा झाकला की बघणाऱ्याला वाटतं, तिकडं काहीतरी आहे.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्यात आपल्याकडच्या स्टुडिओंचं सगळं शास्त्र आलं. आत्याचा १९७३ सालचा फोटो आमच्या घरी आहे. कल्याण स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत काढलेला, लग्न जमवण्यासाठी. मागं रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कुठंच न जाणाऱ्या पायऱ्या. शेजारी फुलदाणीचं स्टँड, त्यावर टेकवलेली बोटं. फ्लॅश नव्हता, दोन्ही बाजूंना मोठाले बल्ब होते आणि त्यांच्या उष्म्यानं घाम यायचा, म्हणून फोटोग्राफरनं टॉवेल ठेवलेला होता, असं ती सांगते. हनुवटी जरा खाली, नजर इकडं, हलू नका. दोन्ही दिवे सारख्याच अंतरावर. चेहऱ्यावर सावली औषधालाही नाही. पुढं बल्ब गेले, छत्र्या लावलेले फ्लॅश आले, तरी मांडणी तीच राहिली: डावीकडं एक छत्री, उजवीकडं एक छत्री, मधे माणूस.

या सपाट उजेडाला हसणं सोपं आहे. मीही हसत आले. पण तो फोटो पत्रिकेबरोबर पाकिटात बसून परक्या घरी जायचा. तिथं चष्मे लावून चार माणसं तो उलटसुलट बघायची. अशा फोटोत गालावर सावली ठेवली तर ती कलाकुसर ठरत नाही, संशय ठरते. डाग असेल, व्यंग असेल, म्हणून झाकलंय. दोन्ही दिवे सारखे ठेवणारा तो फोटोग्राफर मुलीच्या बाजूनं साक्ष देत होता: बघा, लपवण्यासारखं काही नाही. पासपोर्टच्या फोटोला आजही हाच नियम आहे, उजेड एकसारखा, चेहऱ्यावर सावली नको. आणि साक्षीदार तरी कुठं शंभर टक्के खरं बोलतात! निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं ‘टचिंग’ व्हायचं, चष्म्यात दिवा चमकू नये म्हणून बिनकाचेची फ्रेम घातली जायची, आणि रंग? बायोडेटात ‘गव्हाळ’ लिहिलेलं असायचं आणि फोटोत बेतानं दोन छटा उजळ करून दिलेलं. सावली काढून टाकली ती प्रामाणिकपणापायी, आणि कातडीचा रंग काढून टाकला तो मागणीपायी. दोन्ही एकाच दिव्यानं.

त्यात फोटोग्राफरचाही सगळा दोष नव्हता. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या पद्धतीनं चालणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवायला जो नमुन्याचा फोटो असायचा, त्यावर बहुतेक वेळा एक गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. आपल्या सावळ्या रंगाचा हिशेब त्यात नव्हता. डिजिटल कॅमेऱ्यात ती बाई राहिली नाही, पण ‘जरा ब्राइट करा’ ही सूचना राहिली. स्टुडिओच्या त्या मुलाला लग्नाच्या मोसमात ती किती वेळा ऐकावी लागते ते त्यानं सांगितलं, आणि नथीचंही. दिवा फार वर नेला की नथीची सावली थेट वरच्या ओठावर पडते, मग नवरीची आई विचारते, हे काय लागलंय?

सावलीचा हा प्रश्न आजचा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्याच वर्षी १ मे रोजी रेल्वे ठाण्याच्या पुढं कल्याणपर्यंत आली. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसं पहिल्या काही वर्षांतच या विद्येत होती. त्या काळचा स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची किंवा मोठ्या खिडकीची खोली. शक्यतो उत्तरेकडची काच, म्हणजे थेट ऊन नको. पडदे सरकवून उजेड एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी करता येई. म्हणजे सावली ठेवायची की नाही हा प्रश्न तेव्हाही होताच, फक्त दिवा आभाळात होता.

आत्याला ही सगळी हकीकत ठीक वाटली, पण तिचा जीव एकाच फोटोत आहे, आणि तो कुणाही कल्याणकराला ठाऊक असावा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी: जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची साबात इस्लामबूली तिकडच्या पोशाखात, आणि साडी नेसलेली आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ला कल्याणात जन्मलेली, म्हणजे फोटोच्या वेळी वीस वर्षांची. पुढच्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात गेली. फोटोखालच्या ओळीत तिच्या नावापुढं गाव म्हणून सेरामपूर आहे, कारण अमेरिकेला निघण्याआधी तिचे पती गोपाळराव तिथं पोस्टात होते. आत्याचं दुखणं हे. “कल्याण लिहायला काय झालं होतं?”

मी त्या फोटोकडं आता निराळ्या डोळ्यांनी बघते. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख घातलाय, त्या तशा बसवल्या गेल्यात, आणि तो फोटो एका अर्थानं पुराव्याचाच आहे: पाहा, कुठून कुठून बायका आमच्याकडं शिकायला येतात. तरीही आनंदीबाईचा चेहरा त्या पुराव्यात मावत नाही. तिला हसायला कुणी सांगितलं नाही, की तिनं ऐकलं नाही, कोण जाणे. तिच्या डोळ्यांत थकवा आहे असं लोक लिहितात; पुढचं आपल्याला माहीत असतं म्हणून तो दिसतो असं मला वाटतं. मला दिसतो तो हट्ट.

ती गेली त्याच वर्षी जर्मनीत आडॉल्फ मीटं आणि योहानेस गेडिके यांनी फ्लॅशची पावडर काढली. मॅग्नेशियममध्ये पोटॅशियम क्लोरेट वगैरे मिसळून पेटवायचं, भक्कन उजेड आणि मग खोलीभर पांढरा धूर. त्यात माणसं भाजली, क्वचित मेलीही. मग बंद काचेचे, एकदाच पेटणारे बल्ब आले. १९३०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टननं विजेच्या फ्लॅशला पुन्हा पुन्हा, हवा तेव्हा चमकायला लावलं; फुटणारा फुगा आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी त्यानं त्या उजेडात पकडली. मानपाडा रोडच्या त्या खोलीत आत्याच्या डोक्यावर होती ती त्याच घराण्यातली झेनॉन वायूची नळी. चिनी बनावटीची, बोरा बझारहून आणलेली, आणि स्टुडिओवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे अजून हप्ते चालू असलेली.

अष्टमी तर करायची नव्हती, आणि दोन छत्र्यांची पौर्णिमाही मला नको होती. मधल्या तिथी थर्माकोलनं मिळतात. २०१८च्या बंदीनंतर गणपतीच्या मखरातून गेलेला थर्माकोल फोटोवाल्यांकडं टिकून आहे, एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं काळा रंग दिलेला. काळं कापड काढलं, थर्माकोलची पांढरी बाजू आत्याच्या डाव्या गालाकडं धरली. लांब धरला तर डाव्या डोळ्याची नुसती चाहूल, जवळ आणला तर डोळा पूर्ण आला, आणखी जवळ आणला तर सुरकुत्या विरघळायला लागल्या.

तिथं मी थांबले. आत्याच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, एक उभी रेघ आहे. शेवटच्या बाकावरच्या पोरांकडं बघून बघून पडलेली. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे, म्हणून ती गप्प बसली तरी प्रश्न विचारतेय असं वाटतं. पन्नास वर्षं मी हा चेहरा पाहतेय, पण ही भुवई मला त्या दिवशी दिसली, कारण दिवा अर्धा फूट वर नेल्यावर तिच्याखालची सावली वाढली. आता ती ठेवायची की घालवायची? थर्माकोल चार बोटं पुढं सरकवला की आत्या प्रेमळ दिसत होती, चार बोटं मागं घेतला की वर्गात शिरल्यावर शांतता पसरवणारी भूगोलाची जोशीबाई. दोन्ही खरंच. पण एका फोटोत एकच येणार, आणि कुठली ते सांगायला आभाळ नव्हतं, खिडकी नव्हती, बोगदा नव्हता. उजेड म्हणून जे मी इतकी वर्षं शिकत होते ते इथं आल्यावर समोरच्या माणसाबद्दलचं माझं मत होऊन बसलं होतं. मत असणं मला जड गेलं नाही. ते तिच्यासमोर, तिला दिसेल असं मांडणं जड गेलं.

गौतम राजाध्यक्षांचे फोटो माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलेत. ‘फेसेस’ हे त्यांचं पुस्तक १९९७ सालचं. त्यांच्या नट्यांच्या चेहऱ्यांवर उजेड नेहमी माया करत आलेला असतो, आणि मला एके काळी ते गोडगोड वाटायचं. आता तितकं वाटत नाही. मायेनंच बघायचं हेही एक ठाम मतच आहे, आणि ते प्रत्येक फोटोत निभावायला हात बसलेला लागतो.

चष्म्यानं बराच वेळ खाल्ला. दोन्ही काचांत ऑक्टाचे पांढरे ठिपके. दिवा वर घेतला, तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या. शेवटी त्या मुलानं चष्म्याच्या काड्या कानांवर जराशा उचलल्या, काचा खाली झुकल्या, ठिपके गेले. “आमच्या वेळी काचच काढायचे,” आत्या म्हणाली आणि हसली, आणि तेवढ्यात मी बटण दाबलं. तो फोटो बरा आला. दिव्यामुळे की तिच्या हसण्यामुळे ते मी वेगळं करून सांगू शकत नाही.

स्मरणिकेच्या संपादकांकडून निरोप आला तो असा: फोटो छान आहे, परंतु सर्वांचे एकसारखे दिसावेत म्हणून कृपया पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा पासपोर्ट साइज पाठवावा. तो आम्ही काढून ठेवलेलाच होता. आत्यानंच आग्रह धरला होता, निघण्यापूर्वी, दोन्ही छत्र्या लावून. ती सरळ बसली, हनुवटी न सांगता खाली घेतली, आणि पाच मिनिटांत काम झालं.

दुसरा फोटो तिनं घरच्या ग्रुपवर टाकला. मामेबहिणीनं न्यू जर्सीहून लिहिलं, ब्लॅक अँड व्हाइट करून पाठव. मामींना तो डाव्या बाजूनं अंधार वाटला. आत्यानं कुणालाच उत्तर दिलं नाही, पण तोच फोटो तिच्या नावापुढच्या गोलात लागलाय. आता काकांना बसवायचं घाटतंय. त्यांचे पांढरे केस भरघोस आहेत, मागून एक छोटा दिवा ग्रिड लावून सोडला तर कडेनं लखलखतील, असा माझा बेत. केस रंगवल्याशिवाय मी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बोलणी आत्यामार्फत चालू आहेत.